नदी वाचवायची तर शिवारात या

येत्या जिल्हा बैठकीपुढे एक ठराव येणार आहे. त्याचा विषय ऐकून काही जणांच्या कपाळाला आठ्या पडतील. कापसाचा भाव, विजेचे बिल, पीकविम्याचे पैसे हे सारे सोडून कॉलेजच्या पोरांची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. विचारणे बरोबरच आहे. म्हणून हा विषय आपला कसा, ते आधी सांगतो.

दरवर्षी विद्यापीठांची मुले-मुली आपल्या गावांत येतात. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी देशातल्या ३७ विद्यापीठांत सुरू झाली. तिच्या स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास काम करायचे आणि गावात सात दिवसांचे शिबिर करायचे, असा नियम आहे. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाची मुले त्याहून जास्त राहतात. पाचव्या अधिष्ठाता समितीच्या आराखड्यात ग्रामीण कार्यानुभवाचे सत्र २० आठवड्यांचे आहे आणि त्यातले ८ आठवडे गावासाठी आहेत. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आल्यावर कला, वाणिज्य, विज्ञान या शाखांच्या पदवीतही क्षेत्रप्रकल्पाला आणि समाजातल्या कामाला श्रेयांक मिळू लागले. काम करता करता शिकायचे आणि शिकता शिकता समाजाच्या उपयोगी पडायचे, असा हा विचार. वर्ध्याला १९३७ साली झालेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, तिच्यातही हाताचे काम आणि शिक्षण यांची जोडी होती. तेव्हा कल्पना परकी नाही आणि वाईटही नाही.

या सगळ्या शिबिरांचा आवडता विषय म्हणजे नदी. नदी वाचवा, पाणी अडवा, पाणलोट जपा. मग फलक लागतात, फेरी निघते, फोटो निघतात आणि गाव ‘दत्तक’ घेतले जाते. गाव काही पोरके नाही, पण तो शब्द आपण सोडून देऊ. प्रश्न एवढाच आहे की, इतक्या वर्षांच्या या सेवेतून नदीच्या पदरात काय पडले आणि नदीकाठच्या शेतकऱ्याच्या पदरात काय पडले?

अकोल्याच्या मोर्णा नदीचे उदाहरण घ्या. १३ जानेवारी २०१८ रोजी हजारो माणसे नदीच्या दोन्ही काठांवर उतरली. शाळा-कॉलेजांची मुले होती, नोकरदार होते, व्यापारी होते. त्यांनी आपल्या हातांनी पात्रातली जलकुंभी आणि कचरा ओढून काढला. २८ जानेवारीच्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी त्याचा उल्लेख केला. थंडीच्या सकाळी घाणीत उतरणाऱ्या त्या पोरांचे कौतुक झाले ते योग्यच झाले. त्यांच्या भावनेवर आमचा आक्षेप नाही. पण कुंद्याचे पान कापून मूळ जमिनीत ठेवले तर काय होते, हे काळ्या जमिनीच्या शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको. जलकुंभी वाढते ती पाण्यात मिसळलेल्या खाद्यावर. शहराचे सांडपाणी ते खाद्य देते आणि वरच्या शिवारातून वाहून येणारी माती व खत त्यात भर घालतात. मोर्णा दक्षिणेकडच्या डोंगराळ भागातून, पातूर तालुक्यातून, शेताशेतांचे पाणी गोळा करत अकोल्यात येते. पुढे ती पूर्णेला मिळते आणि पूर्णा चांगदेवजवळ तापीला. नदी पात्रात दिसते खरी, पण ती तयार होते तुमच्या-आमच्या धुऱ्यावर. पाणलोट म्हणजे दुसरे काय? ज्या ज्या शेतावर पडलेला थेंब शेवटी त्या नदीत जातो, ती सारी शेते म्हणजे त्या नदीचे पाणलोट.

पूर्णेच्या खोऱ्यात हा प्रश्न आणखी टोकदार आहे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या खारपाणपट्ट्यात विहीर खोदली की खारे पाणी लागते. ते पिकाला चालत नाही आणि माणसालाही चालत नाही. तिथल्या शेतकऱ्याला गोडे पाणी एकच, आभाळातून पडणारे. ते मातीत मुरले किंवा शेततळ्यात साठले तर त्याचे, नाही तर नाल्याचे. नदी जपणे आणि कापूस जगवणे ही त्या पट्ट्यात दोन कामे नाहीत, एकच काम आहे.

आता थोडा हिशेब करू. एक हेक्टर शेतावर १ मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १० हजार लिटर पाणी पडले. एखाद्या जोराच्या पावसात त्यातले १० मिलिमीटर पाणी शेतात न मुरता वाहून गेले, तर १ लाख लिटर गेले. नाल्याचे पाणी तेव्हा चहासारखे असते. समजा, एका लिटरमागे त्यात १० ग्रॅम माती आहे. म्हणजे त्या एका पावसात हेक्टरी १ हजार किलो, एक टन माती गेली. गेली ती वरची, शेणखत खाल्लेली, पोसलेली माती. खालचा मुरूम कधी वाहून जात नाही.

ध्रुवनारायण आणि राम बाबू या शास्त्रज्ञांनी १९८३ साली देशाचा अंदाज मांडला. दर वर्षी हेक्टरी सरासरी १६.४ टन मातीची धूप होते, असे त्यांचे गणित होते. एकराला ते साडेसहा टन पडते, म्हणजे ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या. कोणी रात्री येऊन शेतातून दोन ट्रॉल्या माती भरून नेली तर आपण पोलीस ठाण्यात जाऊ. पाऊस नेतो म्हणून आपण नशीब म्हणतो. एवढी माती शेतभर पसरली तर थर सव्वा मिलिमीटरचा होतो. वर्षाला तो दिसत नाही, पण वीस वर्षांत एक इंच जातो. भारी जमिनीत हा घाटा लपून राहतो. बरड जमिनीत मातीच एक वीतभर असते, नऊ इंच. तिचा नववा हिस्सा बापाच्या हयातीत गेला, तर पोराच्या हाती आलेली जमीन सातबाऱ्यावर तेवढीच असते, पण पावसाचा खंड पडला की ज्वारी आधीपेक्षा लवकर माना टाकते. मग आपण वाणाला दोष देतो, खताचे एक पोते वाढवतो आणि कर्जाचा आकडाही वाढतो.

ही देशाची सरासरी आहे. तुमच्या नाल्याचा आकडा कमी असेल किंवा जास्त असेल. तो कोणी मोजलेला नाही, आणि विद्यापीठाचे काम नेमके इथे सुरू होते.

या महाराष्ट्रात मोजण्याची परंपरा नाही असेही नाही. मुंबई इलाख्याची कोरडवाहू शेती संशोधनाची योजना १९३३ साली सोलापूरला सुरू झाली. कानिटकरांसारख्या संशोधकांनी पाऊस, ओल, वाहून जाणारे पाणी आणि माती यांचा अभ्यास केला. कानिटकरांचे कोरडवाहू शेतीवरचे पुस्तक १९४४ साली निघाले. उताराला आडवी मशागत, बांधबंदिस्ती, ज्वारीच्या दोन ओळींतले अंतर यांविषयी आपण आज जे ऐकतो, त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा पाया तेव्हाच्या मोजमापात आहे. पुढे मोजणी प्रक्षेत्राच्या कुंपणाआड राहिली आणि गावात फक्त घोषणा आल्या.

न मोजता काम केले की काय होते, हेही पाहिले आहे. डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार अभियान जाहीर झाले. नियंत्रक आणि महालेखापरीक्षकांच्या २०२० मधल्या अहवालात त्यावरचा खर्च सुमारे ९ हजार ६३४ कोटी रुपये सांगितला आहे. पाण्याची गरज भागवणे आणि भूजल पातळी वाढवणे या हेतूंवर त्याचा परिणाम फारसा दिसत नाही, असा शेरा त्याच अहवालात आहे. काही गावांत कामे चांगली झाली, तिथले शेतकरी ते सांगतातही. पण कामाआधी विहिरीत किती पाणी होते आणि नंतर किती, याची वही गावाजवळ नसेल तर चांगले काम आणि वाईट काम एकाच बिलात निघते. पैसा खर्च झाला याचा पुरावा राहतो, पाणी मुरले याचा राहत नाही.

विद्यापीठ मनावर घेते तेव्हा काय होऊ शकते, तेही सांगितले पाहिजे. २०१८ पासून राबवलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात खारपाणपट्ट्यातली गावे होती. त्यासाठी मुंबईच्या आयआयटीने गावाच्या पाण्याच्या ताळेबंदाची पद्धत बसवून दिली. पाऊस किती, मातीचा पोत आणि उतार कसा, पीक कोणते, त्यावरून वाहते किती, मुरते किती आणि पिकाला कमी पडते किती, असा हा जमाखर्च. त्यात सुधारायला पुष्कळ जागा असेल. पण एखाद्या गावाला नाला खोलीकरण हवे की शेततळे, हा प्रश्न पुढाऱ्याच्या आवाजावर न सोडवता आकड्यांवर सोडवता येतो, हे त्यातून दिसले. हिवरे बाजारने तर गावातच पाऊस मोजून, पाण्याचा अंदाज बांधून पिके ठरवण्याचा पायंडा पाडला.

आता आपल्याकडे येणाऱ्या शिबिरांचे वेळापत्रक पाहा. सेवा योजनेची शिबिरे बहुधा डिसेंबर-जानेवारीत होतात. तेव्हा नाला कोरडा, कापूस वेचणीला, शेतकरी कामात. मुले वाळूची पोती रचून वनराई बंधारा घालतात. त्याने हिवाळ्यात थोडे पाणी थांबते, गुरांना प्यायला मिळते, हे खरे आहे. पण माती वाहते जून ते ऑगस्टमध्ये, पेरणीच्या आधी आणि नंतरच्या पहिल्या पावसांत, जेव्हा रान उघडे असते. तेव्हा तिथे कोणीच नसते. रोगी तापाने फणफणतो तेव्हा डॉक्टर येत नाही आणि ताप उतरल्यावर येऊन नाडी पाहतो, असा हा प्रकार आहे. कृषीची मुले मात्र बहुतेक खरिपातच गावात असतात. त्यांच्याकडून माती परीक्षणाचे, बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक करून घेतात, गावाचा नकाशा रांगोळीने काढून घेतात आणि हजेरीची सही घेतात. मीही कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षी असाच एका गावात राहिलो. आम्ही पंचवीस कुटुंबांचा उत्पादनखर्च, त्यांच्या विहिरी, त्यांचे उतार असे सगळे वहीत उतरवले. त्या वह्या तपासून झाल्यावर विभागाच्या कपाटात गेल्या. दुसऱ्या वर्षीची तुकडी दुसऱ्या गावाला गेली. ज्या घरांनी आम्हांला माहिती दिली, त्यांना एक कागदही परत मिळाला नाही. आज नवी पोरे सांगतात त्यावरून चित्र फार बदललेले दिसत नाही.

आपल्या भागात गाडगेबाबा होऊन गेले. अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. बाबा गावात आले की खराटा हाती घेत, हे सगळ्यांना आठवते. पण बाबा झाडून थांबत नसत. रात्री कीर्तनात ते गावाला प्रश्न विचारत. कर्ज कशाने झाले, पोर शाळेत का नाही, दारूत किती गेले? दिवसा खराटा आणि रात्री हिशेब, असे ते काम होते. आपल्या शिबिरांनी खराटा तेवढा उचलला आणि हिशेब सोडला.

शेतकऱ्यांनीही आरशात पाहावे. धुरा कोरून दोन तास जास्त पेरणारे आपणच. नाल्याच्या काठाला गवताचा पट्टा न ठेवता थेट काठापर्यंत वखर घालणारेही आपणच. पण त्यामागचे कारण कोणत्याच फलकावर लिहिलेले नसते. भावाभावांच्या वाटण्या उताराच्या दिशेने लांबट पडल्या. तीस-चाळीस फूट रुंदीच्या पट्टीत उताराला आडवी पेरणी करायची तर दर दहा-पंधरा पावलांवर बैल वळवावे लागतात, ट्रॅक्टर तर वळतच नाही. एकट्याने बांध घातला तर वरच्याचे पाणी त्याचा बांध फोडते. मक्त्याने जमीन कसणारा एका वर्षापुरता धनी असतो, त्याने वीस वर्षांनंतरच्या इंचाची काळजी का करावी? खरिपाच्या ज्वारीखालचे क्षेत्र घटले, सोयाबीन आले, कारण ज्वारीला परवडेल असा भाव मिळाला नाही. अज्ञानाने माती वाहून जाते असे समजून जो शेतकऱ्याला शिकवायला येतो, त्याने आधी ही गणिते सोडवावीत. जिथे एकट्याला जमते तिथे शेतकरी करतो. कपाशीच्या डवरणीच्या वेळी डवऱ्याला दोरी गुंडाळून सऱ्या काढायला पैसा लागत नाही, ते पुष्कळ जण करतात. जिथे दहा खातेदारांची समजूत लागते, तिथे तटस्थ माणसाने उतार मोजून नकाशा समोर ठेवला तर भांडण कमी होते. हे काम कॉलेजची मुले करू शकतात.

आणि हा विषय भावाचा आहे, तो असा. पिकाचा उत्पादनखर्च काढताना बियाणे, खत, मजुरी, बैलजोडी, व्याज, जमिनीचा खंड धरतात. अवजारांची आणि गोठ्याची झीज धरतात. लोखंडी वखराची झीज मोजली जाते, पण ज्या मातीत तो वखर चालतो तिची झीज कोणत्याच रकान्यात नाही. देशाला स्वस्त कापूस देताना आपण एकरी काही टन माती वर देतो आणि तिचे बिल कोणी करत नाही. हे आज आपण म्हणतो तेव्हा ते भाषण ठरते. शंभर गावांत दहा वर्षे मोजलेले आकडे हाती असतील तेव्हा तो पुरावा ठरेल. एका वर्षात भाव वाढेल असे मी सांगत नाही. पण पुराव्याशिवाय तो रकाना कधीच उघडणार नाही.

म्हणून ठरावात विद्यापीठांपुढे पाच अटी ठेवल्या आहेत.

पहिली, एका कॉलेजने एक नाला धरावा आणि किमान दहा वर्षे सोडू नये. तुकड्या बदलतील, नाला बदलू नये.

दुसरी, पावसाळ्यात या. गावात पर्जन्यमापक लावा. महावेधची यंत्रे महसूल मंडळाला एक अशा हिशेबाने उभी राहिली, पण मंडळातल्या एका गावात पाऊस पडतो आणि दुसरे गाव कोरडे राहते, हे पीकविम्याच्या वेळी आपल्याला कळते. नाल्याच्या पाण्याची बादली भरा, गाळ बसू द्या, वाळवा, तोला. विहिरींची पातळी पावसाळ्याआधी आणि नंतर मोजा. बंधाऱ्यातला गाळ दर मे महिन्यात काठी घालून पाहा. याला मोठी प्रयोगशाळा लागत नाही, नेम लागतो.

तिसरी, वहीची मूळ प्रत गावाची. ती मराठीत असावी, ग्रामपंचायतीत राहावी आणि दरवर्षी ग्रामसभेत वाचली जावी. कॉलेजने नक्कल न्यावी.

चौथी, तोंडी परीक्षा गावात व्हावी. ज्या शेतात मुलाने मोजणी केली, त्या शेतकऱ्याला आणि तिथे निंदण करणाऱ्या बायांना प्रश्न विचारता यावेत. पाणी कुठे साचते आणि कुठून फुटते, हे बायांना सगळ्यांत आधी कळते. त्यांच्या मताला गुणांत जागा हवी.

पाचवी, श्रमदानाच्या नावाने मजुराचे काम काढून घेऊ नका. खणायला आपल्याकडे हात आहेत आणि त्या हातांना मजुरी मिळावी म्हणून महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला. मुलांनी मोजावे, आखावे आणि झालेले काम तपासावे.

आपल्याकडूनही तीन गोष्टी लागतील. मुलांना खरी माहिती द्यायची, कर्जाचीही. मोजणीच्या खुणा वखराखाली उखडायच्या नाहीत. आणि गावात राहायला येणाऱ्या मुलींची सुरक्षित सोय करायची; ती नसली तर निम्मे विद्यार्थी येणारच नाहीत.

काही जण म्हणतील, मोजून का कुठे पोट भरते? भरत नाही. पण जिनिंगवर कापसाचा काटा आपण डोळ्यांत तेल घालून पाहतो, कारण तिथे किलोमागे पैसा जातो. शिवारातून टनांनी जाते त्यासाठी काटाच लावलेला नाही. तो लावायला शिकलेली पोरे फुकट दारात येत आहेत, तर त्यांना हार घालून परत पाठवणे हा आपलाच तोटा आहे.

प्रत्येक तालुक्याने बैठकीला येताना एका नाल्याचे नाव, त्यावरच्या गावांची यादी आणि जवळच्या कॉलेजचे नाव लिहून आणावे. ठराव झाल्यावर तीच यादी घेऊन आपली मंडळी प्राचार्यांकडे जातील. पुढच्या मृगाच्या आत पर्जन्यमापक उभे राहिले पाहिजेत.